निष्कर्ष आधी कुणाला सांगावेत? : वाचकांचे प्रश्न

संशोधनाचे निष्कर्ष एका समाजातून दुसऱ्या समाजात आणि एका राजकीय वातावरणातून दुसऱ्या वातावरणात नेताना कोणत्या अडचणी येतात, या विषयावर मागील अंकात आपण प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांतील प्रकरणे अजून मिटलेली नाहीत, म्हणून पत्रलेखकांची नावे आणि गावे गाळली आहेत.

प्रश्न : सातपुड्यातील आमच्या पाड्यांवर काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका संस्थेचे संशोधक सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी आले होते. मी आशा कार्यकर्ती असल्याने घरोघरी जाऊन, पावरी बोलीत समजावून लोकांना रक्त देण्यास तयार केले. आता त्या कामावरचा लेख परदेशातील एका इंग्रजी नियतकालिकात छापून आल्याचे कळते. पाड्यावरची माणसे मला विचारतात, ‘ताई, आमच्या रक्तात काय निघालं?’ संस्थेला फोन केला, तर ‘लेख इंटरनेटवर आहे’ एवढेच सांगतात. मी काय करावे? (धडगाव तालुका)

उत्तर : ताई, या वेळच्या पत्रांत मला आपले पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. संस्थेने दिलेले उत्तर पुरेसे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, संशोधनात भाग घेतलेल्या माणसांपर्यंत आणि त्यांच्या समाजापर्यंत निष्कर्ष पोहोचवणे हा संशोधकाच्या कर्तव्याचाच भाग मानला आहे. संशोधनाला परवानगी देणारी एक नीतिसमिती असते आणि तिचा पत्ता संमतीपत्रावर छापलेला असतो. आपल्याकडे एखादे संमतीपत्र उरले असेल, तर त्या समितीच्या नावे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत लेखी पत्र पाठवावे. ज्यांची तपासणी झाली त्यांचे वैयक्तिक अहवाल कुठे आहेत, उरलेले रक्ताचे नमुने कुठे ठेवले आहेत आणि त्यांवर सिकलसेलखेरीज आणखी काही तपासले गेले काय, हे त्यात विचारावे.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सुचवतो आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या लहानशा आदिवासी समाजाने १९९० च्या दशकाच्या आरंभी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतील विवाह आणि त्यांचे पूर्वज कुठून आले असावेत, या विषयांवरही काम झाले. समाजाला याचा पत्ता नव्हता. त्यांच्यातील एक महिला २००३ मध्ये विद्यापीठातील एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली, तेव्हा हे उघड झाले. पूर्वजांच्या स्थलांतराचा निष्कर्ष प्रयोगशाळेतील माणसांना साधा वाटला असेल. पण आपण या दरीतूनच जन्मलो अशी ज्यांची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेशी ज्यांचे जमिनीशी असलेले नाते जोडलेले आहे, त्यांच्यासाठी तो थेट त्यांच्या मुळावर येणारा होता. खटला चालला, २०१० मध्ये तडजोड झाली, विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने समाजाच्या स्वाधीन केले. दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने अशाच अनुभवांनंतर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहून काढली. तीत आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी यांची मागणी आहे आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी ते समाजाच्या प्रतिनिधींपुढे यावेत अशी अपेक्षा आहे. सातपुड्यातील पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या गावांत, ग्रामसभेला कायद्याने विशेष स्थान आहे. पुढच्या वेळी कोणी रक्त मागायला आले, तर निष्कर्ष सांगण्यासाठी परत केव्हा येणार याची तारीख ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

आता पाड्यावर सांगायचे कसे, याविषयी. एका माणसाचा अहवाल आणि सगळ्या समाजाविषयीचा निष्कर्ष या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्यात. अमका वाहक (आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेला) आहे किंवा तमका सिकलसेलग्रस्त आहे, हे फक्त त्या व्यक्तीला, आणि ती लहान असेल तर तिच्या आईवडिलांना, एकांतात सांगायचे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी १९७० च्या सुमारास गावकऱ्यांची सिकलसेलसाठी तपासणी करून त्यांना सल्ला देण्यात आला होता. तिथेही लग्ने घरची मोठी माणसे ठरवीत. वाहक असल्याचा शिक्का मुलामुलींच्या लग्नाच्या आड येऊ लागला आणि कुटुंबे ही गोष्ट लपवू लागली. लोकांच्या भल्यासाठी दिलेली माहिती त्यांच्यावरच उलटली. अमेरिकेतही त्याच दशकात वाहक आणि रुग्ण यांच्यातील फरक नीट न सांगता कृष्णवर्णीयांच्या तपासण्या झाल्या, आणि ठणठणीत वाहकांना नोकरीत व विम्यात त्रास झाला. तेथील वायुसेना अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. म्हणून वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, वाहकाला औषधाची गरज नाही आणि तो शेतात, कारखान्यात कुठेही काम करू शकतो, हे वाक्य प्रत्येक घरात पहिल्यांदा आणि पुन्हा शेवटी उच्चारले पाहिजे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी होतील, असा त्याचा अर्थ लोक लावतात. तो चुकीचा आहे, हेही सावकाश समजावावे लागते.

समाजाविषयीचा निष्कर्ष मात्र उघड बैठकीत सांगावा, आणि तो सांगताना ‘आदिवासींचा आजार’ हे शब्द तोंडी येऊ देऊ नयेत. हा जनुकीय बदल आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी आणि भारतात अनेक समाजांत आढळतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने मुले दगावत होती, तिथे वाहक मुले त्यातून अधिक संख्येने वाचली, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. सातपुड्याच्या जंगलात हिवतापाने काय केले, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे रक्तातला हा बदल कमीपणाचे लक्षण नाही, हे त्यांना लगेच उमगेल असे मला वाटते. बैठकीची वेळही विचारपूर्वक निवडावी. ऊसतोडीला आणि इतर कामांना गुजरातेत गेलेली कुटुंबे होळीला घरी येतात. सणाचे मुख्य दिवस सोडून त्याच आठवड्यात बैठक ठेवली, तर ज्यांचे रक्त घेतले होते ती माणसे समोर असतील. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. तिच्यातील समुपदेशकांना बोलावता येईल, पण बोलणे पावरीत व्हावे आणि ते आपणच करावे. लोकांचा विश्वास आपल्यावर आहे आणि आपल्या शब्दाखातर त्यांनी हात पुढे केला होता.

प्रश्न : मी अहिराणीच्या व्याकरणावर पीएच.डी. केली. तिची काही रूपे गुजरातीला जवळची आहेत, असे प्रबंधात दाखवले आहे. परदेशातील एका परिषदेत यावर शांतपणे तांत्रिक चर्चा झाली. पण धुळ्यातील एका मेळाव्यात काही ज्येष्ठ मंडळी संतापली आणि ‘आमची बोली गुजरातला देऊन टाकता काय?’ असे म्हणाली. उलट, अहिराणी ही स्वतंत्र भाषाच आहे असे मानणाऱ्या काही तरुणांनी माझे अर्धेच वाक्य उचलून आपल्या प्रचारात वापरले. स्थानिक व्याख्यानांत हा भाग गाळावा, असा सल्ला मला मिळतो आहे. (साक्री तालुका)

उत्तर : तो भाग गाळू नये. श्रोते बदलले म्हणजे सांगण्याचा क्रम, उदाहरणे आणि प्रस्तावना बदलावी लागते आणि तसे करणे योग्यही असते, पण निष्कर्ष बदलता येत नाही. स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा : परदेशातील परिषदेचे श्रोते आणि धुळ्याच्या मेळाव्यातील श्रोते एकाच सभागृहात शेजारी बसले, तर माझी दोन्ही व्याख्याने मला एकापाठोपाठ देता येतील काय? देता येत असतील, तर बदल फक्त मांडणीत झाला आहे. देता येत नसतील, तर एका गटापासून काहीतरी लपवले आहे.

ज्येष्ठांचा संताप मात्र अज्ञानातून आलेला आहे, असे समजू नये. त्याला इतिहास आहे. ब्रिटिश काळातील भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात खानदेशीला (जिच्यात अहिराणी येते) भिल्ली भाषांबरोबर ठेवून तिचे नाते गुजरातीच्या बाजूने दाखवले आहे. हे सर्वेक्षण बहुतांशी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत झाले आणि ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने मिळवण्यासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट सर्वत्र भाषांतरित करून घेतली गेली. पुढे भाषावार प्रांतरचनेच्या काळात भाषेचे वर्गीकरण हा सीमेचा पुरावा ठरू लागला. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली आणि डांगही गेले. ज्यांच्या घरांत ही आठवण जिवंत आहे, त्यांना विभक्तिप्रत्ययांची तुलनादेखील नकाशासारखी दिसते. परदेशातील श्रोत्यांना ही पार्श्वभूमी ठाऊक नव्हती, म्हणून ते शांत राहिले. त्या शांततेला अधिक वैज्ञानिक समजण्याचे कारण नाही.

माझी सूचना अशी की, व्याख्यानात आधी पुरावा मांडावा. अहिराणीतील षष्ठीचे ना, नी, नं हे प्रत्यय गुजरातीतील नो, नी, नुं यांच्याजवळ जातात, हे कोणालाही ऐकून पडताळता येते. त्यानंतर मराठीशी जुळणारी रूपे आणि शब्दसंपदा तितक्याच सविस्तरपणे सांगावी. मग हे साम्य एकाच मुळातून आले, की व्यापार, स्थलांतर आणि शेजार यांतून आले, याबद्दल भाषाशास्त्रातही वेगवेगळी मते असू शकतात, हे स्पष्ट करावे. आणि व्याकरणातील साम्यावरून कोणते गाव कोणत्या राज्यात असावे, किंवा कोणत्या बोलीला कोणता दर्जा मिळावा, हे ठरत नाही, असे स्वतःच्या तोंडाने म्हणावे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली गेली आणि तिच्याखाली अहिराणी ही मातृभाषा आली. एकूण संख्या १८ लाखांवर होती. ती नोंद हा प्रशासकीय वर्गीकरणाचा निर्णय आहे. आपल्या प्रबंधाने तिला दुजोराही दिलेला नाही आणि विरोधही केलेला नाही, हे तरुणांना लेखी कळवावे. ज्यांनी अर्धे वाक्य उचलले त्यांना पूर्ण परिच्छेद पाठवावा आणि तोच वापरावा अशी विनंती करावी. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो : ज्या गावांत आपण बोलीचे ध्वनिमुद्रण केले, तिथे जाऊन एकदा हे सगळे अहिराणीत मांडावे. आतापर्यंत ज्या दोन ठिकाणी चर्चा झाली, त्या दोन्ही ठिकाणी ती बोली रोज बोलणारी माणसे किती होती?

प्रश्न : मी कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आहे. आमच्या घरची आणि काकांची केळीची बाग आहे. प्रकल्पासाठी परिसरातील बागांतून पानांचे नमुने घेतले आणि काहींत विषाणू आढळला. मार्गदर्शक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख पाठवा म्हणतात. गावातील मंडळी म्हणतात, छापलेत तर व्यापारी भाव पाडतील आणि निर्यातीच्या गाड्या भरणारे दुसऱ्या तालुक्यात जातील. (रावेर तालुका)

उत्तर : गावकऱ्यांची भीती खोटी नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने करोना विषाणूचा नवा प्रकार सापडल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला तत्परतेने कळवले. दोनच दिवसांत त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळाले आणि युरोप-अमेरिकेने आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांवर प्रवासबंदी घातली. नेदरलँड्समध्ये त्याआधीच घेतलेल्या नमुन्यांत हा प्रकार होता, हे थोड्याच दिवसांत कळले. ज्यांची प्रयोगशाळा चांगली आणि ज्यांनी खरे सांगितले, त्यांनाच आधी झळ बसली. इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणे थांबवले होते, कारण आपण दिलेल्या नमुन्यांवरून श्रीमंत देशांतील कंपन्या लस बनवतील आणि ती आपल्यालाच परवडणार नाही, हे त्यांना दिसत होते. त्या भांडणातून २०११ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने नमुने आणि लाभ दोन्ही वाटून घेण्याची चौकट मान्य केली. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये अशी व्यवस्था आधी नसेल, तर माणसे खरे सांगणे टाळतात. दोष फक्त टाळणाऱ्यांवर ढकलणे मला न्याय्य वाटत नाही.

तरीही लपवणे हा मार्ग नव्हे. विषाणू मावा किडीबरोबर शेजारच्या बागेत जाणारच आहे आणि त्याला छापील लेखाची गरज नाही. कोलंबियात केळीवरील मर रोगाच्या बुरशीची टीआर-४ ही घातक जात ऑगस्ट २०१९ मध्ये आढळली, तेव्हा सरकारने ते जाहीर करून आणीबाणी घोषित केली आणि बाधित शेते वेगळी केली. त्या देशाची केळीची निर्यात त्यामुळे बंद पडली नाही. जाहीर करण्याबरोबरच उपायही झाले, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे.

आपण क्रम असा ठेवावा. नमुन्यांची दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी. जळगावचे केळी संशोधन केंद्र जवळ आहे आणि तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रही आहे. खात्री झाल्यावर ज्यांच्या बागांत विषाणू सापडला त्या शेतकऱ्यांना सर्वांत आधी आणि वैयक्तिकरीत्या सांगावे. त्यानंतर कृषी विभागाला कळवावे आणि परिसरात बैठक घ्यावी : कोणती झाडे उपटायची, माव्याचे नियंत्रण कसे करायचे, काकडी-भोपळ्याच्या जातीची आंतरपिके का टाळायची. लेख त्यानंतर पाठवावा. लेखात गावाचे आणि शेताचे नाव देण्याऐवजी तालुक्यापर्यंतच ठिकाण सांगितले, तर शास्त्राची काही हानी होत नाही.

एका बाबतीत विशेष जपावे. विषाणू टिश्यू कल्चरच्या रोपांतून आला की बाहेरून, यावर आता गावात वाद सुरू होईल आणि दोन्ही बाजू आपल्या लेखाचा आधार घेतील. उभ्या बागेतील पानांच्या नमुन्यांवरून हे ठरत नाही. त्यासाठी लागवडीपूर्वीची रोपे तपासावी लागतात. लेखाच्या सारांशातच ही मर्यादा लिहावी, कारण व्यापारी, रोपे विकणारे आणि वर्तमानपत्रे बहुधा सारांशच वाचतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात रोगाचे नुकसान बसत नाही, हेही बैठकीत सांगावे. बाधित झाडे उपटण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर येतो आणि त्याची भरपाई मागायची तर पुरावा म्हणून आपलेच काम उपयोगी पडेल.

प्रश्न : अमेरिकेत बीटी (अळीला मारणारे जनुक घातलेल्या) कापसामुळे गुलाबी बोंडअळी नाहीशी झाली, असे वाचले. तेच तंत्रज्ञान आमच्या शेतात का फसले? आमच्यापासून शास्त्रज्ञ काही लपवतात काय? (चोपडा तालुका)

उत्तर : लपवण्यापेक्षा अर्धवट सांगितले गेले, असे म्हणणे अधिक खरे आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, पण ते एकट्या बियाण्याने झाले नाही. वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडणे, कामगंध सापळे आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट करणे, हे सगळे एकाच कार्यक्रमाखाली अनेक वर्षे चालले, आणि आधीच्या काळात शेतकऱ्यांनी बिगर-बीटी कापसाचे पट्टे राखले होते, म्हणजे बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांचीच पैदास होऊ नये. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे येत असे आणि बहुतेकांनी ते पेरले नाही. दोन-चार एकरांच्या शेतात अळीसाठी पट्टा सोडा, असे सांगताना त्याचा मोबदला कोण देणार हे कोणी बोलले नाही, म्हणून मी शेतकऱ्यांना दोष देणार नाही. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे, आणि वर पाणी असेल तर फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणे). अळीला जवळजवळ वर्षभर खाद्य मिळत राहिले. बीटी कापसातील पहिल्या जनुकाला गुजरातेत प्रतिकार निर्माण झाल्याचे २०१० मध्येच जाहीर झाले होते. त्या वेळी ही बातमी तापीच्या काठच्या शेतकऱ्यांपर्यंत सल्ल्याच्या रूपात पोहोचायला हवी होती. परदेशातील यशाचा निष्कर्ष इथे आणताना तो कोणत्या आकाराच्या शेतात, किती महिन्यांच्या पिकावर आणि कोणाच्या खर्चाने मिळाला, हे त्याच कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

प्रश्न : सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या पुनर्वसन वसाहतींत मी समाजकार्याच्या पदवीसाठी सर्वेक्षण करते आहे. एका कार्यालयातील अधिकारी चांगले आकडे आधी द्या म्हणतात, एका संघटनेला तक्रारींचा भाग आधी हवा आहे, आणि परदेशी विद्यापीठातील एका सहकाऱ्याला मुलाखतींची मूळ ध्वनिमुद्रणे हवी आहेत. (तळोदे तालुका)

उत्तर : महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या धरणाच्या बुडिताखाली आली, आणि या विषयावर तटस्थ शब्द लिहिणे किती कठीण आहे याचा एक मोठा दाखला आपल्याच खोऱ्यात घडलेला आहे. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विरोध वाढल्यावर तिने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीने जून १९९२ मध्ये सांगितले की पुनर्वसनाची आणि पर्यावरणाची मूळ माहितीच अपुरी आहे आणि बँकेने मागे सरावे. बँकेने ते पूर्णपणे न मानता अटी घालून कर्ज चालू ठेवले आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेले कर्ज न घेण्याचे ठरवले. अहवालावर टीका झाली, पण तो संपूर्ण छापला गेला असल्याने टीका करणाऱ्यांना आणि समर्थकांना एकाच मजकुरावर बोलावे लागले. आपण हेच धोरण ठेवावे. चांगले आकडे एकाला आणि तक्रारी दुसऱ्याला, अशी वाटणी करू नये. संपूर्ण अहवाल एकाच दिवशी सर्वांना द्यावा. त्याच्या आठवडाभर आधी वसाहतीतील लोकांना तो भिलोरीत किंवा पावरीत वाचून दाखवावा, म्हणजे चुकीची नोंद दुरुस्त करण्याची संधी त्यांना मिळेल.

ध्वनिमुद्रणे परदेशी पाठवू नयेत. नाव गाळले तरी आवाज ओळखता येतो, आणि वसाहत इतकी लहान आहे की ‘अमक्या बुडीत गावाची, तीन मुलगे असलेली विधवा’ एवढ्या वर्णनावरून शेजारी लगेच नाव घेतील. जमिनीचा दावा प्रलंबित असलेल्या बाईला तिच्या मुलाखतीतील एक वाक्य महाग पडू शकते. सहकाऱ्याला ओळखीच्या खुणा काढलेला लिखित मजकूर द्यावा, आणि तोही संमती घेताना तसे सांगितले असेल तरच. सांगितले नसेल, तर पुन्हा जाऊन विचारावे. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढवला की तो जगात कोणालाही वाचता येतो. म्हणून परिशिष्टात उत्तरदात्यांची यादी जोडण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती येथे तरी मोडावी.

प्रश्न : मराठीत शोधनिबंध लिहिला तर त्याला मोल मिळते काय? इंग्रजी नियतकालिकांचे शुल्क आम्हाला परवडत नाही. (शिरपूर तालुका)

उत्तर : पदोन्नतीच्या हिशेबात इंग्रजीचे वजन जास्त आहे आणि ते लगेच बदलणार नाही. एक राष्ट्र एक सदस्यता योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यातून सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके वाचता येतात, त्यामुळे वाचण्याची अडचण बरीच कमी झाली आहे. छापण्यासाठी लेखकाकडून शुल्क न घेणारी विनामूल्य नियतकालिके शोधावीत. लॅटिन अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सायेलो या व्यासपीठावर स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये गंभीर संशोधन छापले जाते आणि जगात वाचलेही जाते. काहीही परीक्षण न करता पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. इंग्रजी लेख स्वीकारला गेला की त्याचा दोन पानी मराठी गोषवारा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि ज्या गावात काम केले तेथील ग्रामपंचायतीत ठेवावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.